शब्द न देणारा कैदी : टास्मानियात स्मिथ ओब्रायनच्या मागावर

सोमवार, होबार्ट

विमानतळावरून हॉटेल, हॉटेलात सामान टाकलं आणि तडक मरे स्ट्रीट गाठला. टास्मानियाचं राज्य ग्रंथालय आणि सरकारी दफ्तरखाना तिथे एकाच इमारतीत आहे. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, समुद्र, पेंग्विन, सफरचंदाच्या बागा यांतलं काहीही आधी बघायचं नव्हतं. सगळी नोकरी सातारच्या कोर्टात गेलेला माणूस. परमुलखात गेला तरी जुना कागद दिसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

इथले कागद बघण्यासारखेच आहेत. १८०३ ते १८५३ या काळात ब्रिटिशांनी या बेटावर ७० हजारांहून जास्त कैदी आणून टाकले आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाचं एक पान लिहिलं. उंची, डोळ्यांचा रंग, कपाळाची ठेवण, गोंदण कुठे आणि कसलं, मूळ गाव, धंदा, गुन्हा, शिक्षा. खाली मोकळी जागा आणि त्या जागेत पुढच्या आयुष्यातली प्रत्येक चूक बारीक अक्षरात. दारू प्याला, मालकाला उलट बोलला, रात्री बराकीबाहेर सापडला. समोर शिक्षा : इतके फटके, इतके दिवस एकांतकोठडी. ही दप्तरं २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहेत.

बाबा बराच वेळ पडद्यावर वाकून वाचत होते. मग म्हणाले, "सर्व्हिस बुक आहे गं हे. फक्त निवृत्तीचं पान नाही."

ते पानही असतं, अर्थात. शिक्षेतला काही काळ नीट गेला की सुटीचा परवाना मिळायचा. कैदी ठरलेल्या तालुक्यात राहून स्वतःच्या पोटाचं बघू शकायचा. पुढे सशर्त माफी, आणि नशीब असेल तर संपूर्ण माफी. हे टप्पे इथेच सांगून ठेवते, कारण ज्या माणसासाठी आम्ही आलो होतो त्याने पहिल्याच टप्प्याला नाही म्हणून टाकलं होतं.

विल्यम स्मिथ ओब्रायन. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं डब्लिनला होतो. तिथल्या ओकॉनेल स्ट्रीटवर याचा पुतळा आहे, हाताची घडी घालून उभा. माझ्या बसथांब्यावरून रोज दिसायचा. माणूस कोण ते मात्र मेलबर्नला राहायला आल्यावर वाचलं. जन्म १८०३, क्लेअर परगण्यातल्या ड्रोमोलंडच्या वाड्यात. घराणं थेट ब्रायन बोरू राजाशी नातं सांगणारं, धर्माने प्रॉटेस्टंट, शिक्षण हॅरो आणि केंब्रिजचं, १८२८ पासून ब्रिटिश पार्लमेंटात. थोडक्यात, सरकारला ज्याची भीती वाटू नये असा माणूस. पण १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक काळं पडून कुजू लागलं. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि साथींनी मेली, आणखी तेवढीच देश सोडून गेली. धान्य मात्र बंदरातून बाहेर जातच होतं. सनदशीर मार्गावर विश्वास असलेला हा जमीनदार १८४८च्या जुलैत 'यंग आयर्लंड'च्या तरुणांबरोबर बंडाला उभा राहिला.

ते बंड ऐकून बाबा आधी हसले, मग गप्प झाले. टिपररी परगण्यात बॅलिंगारीजवळ ४५-४७ पोलीस मॅकॉर्मक नावाच्या विधवेच्या दगडी घरात शिरले आणि दारं-खिडक्या लावून बसले. घरात तिची लहान मुलं. बाहेर बंडवाले. कुणी तरी गवताच्या पेंढ्या लावून घर पेटवायची तयारी केली, ओब्रायनने थांबवलं, आत मुलं आहेत म्हणून. त्याआधीच्या दिवसांत रस्ता अडवायला झाडं तोडायची वेळ आली, तर जमीनमालकाला विचारल्याशिवाय तोडायची नाहीत असा याचा हुकूम. गोळीबारात दोन गावकरी मेले, पोलिसांची कुमक आली, बंड संपलं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी 'विधवेच्या कोबीच्या वाफ्यातली लढाई' म्हणून चेष्टा केली. आठवड्याभराने थर्ल्स स्टेशनवर लिमरिकचं तिकीट काढताना रेल्वेच्या गार्डने त्याला ओळखलं.

क्लॉनमेलच्या कोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. शिक्षा : फाशी देऊन, धड कापून चार तुकडे. १८४८ सालीही कायद्यात हेच शब्द होते. सरकारला एवढं करायचं नव्हतं. त्यांनी शिक्षा कमी करून काळ्या पाण्यावर पाठवायचं ठरवलं. इथे ओब्रायन आणि त्याच्या तीन साथीदारांनी हरकत घेतली की, आयर्लंडात राजद्रोहाच्या शिक्षेऐवजी हद्दपारी देण्याची कायद्यात तरतूदच नाही. फाशी द्या, नाहीतर सोडा.

"हरकत बरोबर होती?" बाबांनी एकदम विचारलं.

"असावी. कारण पार्लमेंटला १८४९ मध्ये खास कायदा करावा लागला."

बाबा खूश झाले. कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला आरोपीने काढलेली खोट म्हणजे मेजवानी.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. 'स्विफ्ट' नावाच्या आरमारी जहाजातून ओब्रायन, थॉमस फ्रान्सिस माहर, टेरेन्स मॅकमॅनस आणि पॅट्रिक ओडोनोह्यू ऑक्टोबर १८४९च्या अखेरीस याच डर्वेंट नदीच्या मुखात आले. आता तिथे मासळीची दुकानं आणि यॉटी आहेत. पण बंदराच्या काठाला काशाच्या काही मूर्ती उभ्या आहेत : नुकत्या जहाजातून उतरलेल्या कैदी बायका आणि एक मूल. शिल्पकार रोवन गिलेस्पी, डब्लिनच्या नदीकाठचं दुष्काळाचं स्मारक केलं तोच. २०१७ मध्ये या मूर्तींचं अनावरण आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी केलं. साडेबारा हजारांच्या आसपास बायका या बेटावर आल्या. बहुतेकींचा गुन्हा म्हणजे कापडाचा तुकडा, एखादं भांडं, खाण्याची वस्तू. खास कायदा करण्याची गरज त्यांच्यापैकी एकीसाठीही पडली नाही.

मंगळवार, मराया बेट

होबार्टपासून ट्रायबन्ना सव्वा तासावर, तिथून फेरीबोट. बेटाचं नाव एबेल तास्मानने १६४२ मध्ये डच गव्हर्नर व्हॅन डीमेनच्या बायकोवरून ठेवलं. बेटावर दुकान नाही, गाडी नाही, राहायच्या खोल्यांत वीज नाही. खाणंपिणं, अंथरूण-पांघरूण सगळं आपलं आपण न्यायचं. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणीचं तिखट बांधून घेतलं होतं. बोटीवरच्या तरुण मंडळींच्या पाठीवर गॅसच्या शेगड्या होत्या, त्यांनी आमच्या स्टीलच्या डब्याकडे जरा हेव्याने बघितलं असं मला वाटलं.

आमची खोली जुन्या कैदखान्यातच. १८२८-३० च्या सुमारास विटांनी बांधलेली लांबट इमारत. तेव्हा एकेका दालनात कैदी कोंबलेले असत, आता लोखंडी शेकोटी आणि दुमजली बाकं. बाबांना खालचं बाक दिलं. डार्लिंग्टनच्या या वसाहतीत दोनदा कैदी होते. आधी १८२५ ते १८३२, मग १८४२ ते १८५०. मधल्या आणि नंतरच्या काळात मेंढपाळ आले, दिएगो बर्नाकी नावाचा इटालियन माणूस द्राक्षं आणि रेशमाची स्वप्नं घेऊन आला, सिमेंटचा कारखाना आला. धक्क्याजवळ सिमेंटच्या उंच कोठ्या अजून उभ्या आहेत, विद्रूप. सगळे बुडाले. आता कैदखान्याभोवतीच्या गवतात वॉम्बॅट चरतात. संध्याकाळी एक वॉम्बॅट बाबांच्या पायापासून हातभर अंतरावर आला, वर बघितलंही नाही, खात खात पुढे गेला.

इथे ओब्रायनला का आणलं ते आता सांगते. होबार्टला उतरताच सातही बंडखोरांना सुटीचा परवाना देऊ केला गेला (बाकीचे तिघे आगेमागे पोचले). अट एकच, पळून जाणार नाही असा शब्द द्यायचा. पहिल्या जहाजातल्या इतर तिघांनी ठरावीक मुदतीसाठी तो दिला आणि त्यांना वेगवेगळे तालुके नेमून दिले. ओब्रायन म्हणाला, नाही देत. कारण साधं होतं. संधी मिळाली तर तो पळणार होता, आणि पळायचं असेल तर शब्द कसा द्यायचा?

मग गव्हर्नर विल्यम डेनिसनने त्याला मरायावर पाठवलं. कैदखान्यापासून काही अंतरावर छोटं घर, बरोबर पहारेकरी. फिरायचं ते आखून दिलेल्या हद्दीत. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. तुरुंग खात्याचा प्रमुख हॅम्पटन याने हे नियम फार कसोशीने पाळून घेतले. ओब्रायन बायकोसाठी, लूसीसाठी, रोजनिशी लिहीत होता. बेट प्रथम दिसलं तेव्हा त्याने लिहिलं की, निसर्गाने घडवलेल्या इतक्या सुंदर आणि इतक्या एकाकी जागी तुरुंग सापडावा, याने मनात उठलेली घृणा सांगता येत नाही. ते घर आम्ही बघितलं. भिंती पांढऱ्या, आत माहितीफलक, खिडकीतून गवत आणि पलीकडे निळ्याशार पाण्याची खाडी. खोटं कशाला बोलू, मला पहिला विचार आला तो इथे आठवडाभर राहायला काय मजा येईल हाच.

बाबा दारात उभे राहून म्हणाले, "जागा चांगली आहे. पण बोलायचं नाही म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडलं. सासूबाई गेल्यापासून सातारच्या घरात ते एकटे असतात. मी विषय बदलला.

इथल्या अधीक्षकाचं नाव सॅम्युअल लॅफम. तोही आयरिश. त्याने नियम थोडे सैल केले, ओब्रायनला आपल्या घरच्यांबरोबर थोडं मिसळू दिलं. वर कळलं. लॅफमला पुढे जागा सोडावी लागली. ओब्रायनची तब्येत ढासळली, वसाहतीच्या डॉक्टरांनी मोकळीक द्यायची शिफारस केली, पत्रं बाहेर गेली आणि लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले.

जेवणानंतर स्मशानभूमीकडे चाललो. तिथे होहेपा ते उमुरोआ या माओरी माणसाचा दगड आहे. न्यूझीलंडमध्ये इंग्रजांविरुद्ध लढला म्हणून त्याच्यासह पाच माओरी इथे आणले होते. १८४७ मध्ये तो क्षयाने गेला. त्याच्या जमातीचे लोक १९८८ मध्ये येऊन अस्थी घरी घेऊन गेले. दगड तेवढा राहिलाय.

रात्री शेकोटीपुढे मी जहाजांची यादी वाचून दाखवत होते. उरलेल्या तिघांपैकी जॉन मार्टिन आणि केव्हिन ओडोहर्टी यांना कॉर्कहून ज्या जहाजाने आणलं त्याचं नाव 'माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन'. सुरतेत बांधलेलं.

बाबा उठून बसले. "आपला एल्फिन्स्टन?"

आपलाच. खडकीच्या लढाईच्या वेळचा पुण्याचा रेसिडेंट, मग १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर, ज्याच्या पुतण्याच्या नावाचं स्टेशन आता प्रभादेवी झालं. पेशवाई बुडवल्यावर प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर यानेच बसवलं. आणि मग बाबांनी मला जे सांगितलं ते मी शाळेत कधी नीट वाचलं नव्हतं. १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक साताऱ्याला आला. महाराजांवर कटाचे आरोप ठेवले होते. एका कागदावर सही करा, झालं गेलं विसरू, गादी तुमचीच, असा निरोप. महाराजांनी सही केली नाही. सही म्हणजे गुन्हा कबूल. गादी गेली, रवानगी काशीला, तिथेच १८४७ मध्ये वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी चौदा वर्षं लंडनला अर्ज-विनंत्या करत राहिले.

"एका सहीने सुटला असता," बाबा म्हणाले. "असली माणसं सरकारला फार जड जातात. त्यांच्यासाठी फाइलीत रकाना नसतो."

बुधवार, मराया ते ईगलहॉक नेक

सकाळी पेंटेड क्लिफ्सपर्यंत चालून आलो. वालुकाश्मावर लोखंडाच्या गंजाने उमटलेली तांबडी-पिवळी वलयं, ओहोटीलाच जवळ जाता येतं. सुंदर आहे, फोटो सगळीकडे आहेत, जास्त लिहीत नाही.

मला बघायचा होता तो किनारा जिथून ओब्रायन पळणार होता. नक्की कुठला ते ठरवत न बसता आम्ही एका वाळूच्या पट्ट्यावर बसलो आणि मी बाबांना गोष्ट सांगितली. १८५०चा ऑगस्ट, म्हणजे इथला ऐन हिवाळा. होबार्टमधल्या मित्रांनी पैसे जमवून 'व्हिक्टोरिया' नावाची बोट ठरवली, कप्तान एलिस. बोट बेटाजवळ येणार, होडी किनाऱ्याला लागणार. होडी दिसली तसा ओब्रायन पाण्यात शिरला. सेहेचाळीस वर्षांचा, खंगलेला माणूस, थंडगार पाण्यात आणि समुद्री शेवाळात अडकला. तेवढ्यात बंदूकधारी शिपाई हजर. एलिसने पैसे घेतले होते आणि खबरही दिली होती. पकडल्यावर ओब्रायनने एक पाऊल टाकायला नकार दिला. मी स्वतःहून तुरुंगाकडे चालणार नाही, न्यायचं तर उचलून न्या. होडीवाल्यांना त्याला उचलून न्यावं लागलं.

एलिसचा पुढचा भाग जॉन मिचेलने, म्हणजे त्या सात बंडखोरांतल्या सातव्याने, लिहून ठेवलाय. मॅकमॅनस पळून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे एलिस त्याच्या हाती लागला. रात्री जहाजातून उचलून झाडाखाली खटला भरला, पण पुरेसा पुरावा नाही म्हणून सोडून दिला. बाबांनी मान डोलावली. संशयाचा फायदा आरोपीला.

दुपारच्या बोटीने परत, मग गाडीने दक्षिणेला. टास्मन द्वीपकल्प मुख्य भूमीला ईगलहॉक नेक या चिंचोळ्या पट्टीने जोडलंय. १८३०च्या दशकापासून या पट्टीवर एका ओळीत कुत्रे साखळीने बांधलेले असत, मध्ये कंदील, काही कुत्रे पाण्यात मचाणांवर. आज तिथे एका कुत्र्याचा पुतळा आहे आणि त्याच्यासोबत सेल्फी काढणारी मुलं. वेक्सफर्ड परगण्याचा मार्टिन कॅश १८४२ मध्ये दोन जोडीदारांसह या कुत्र्यांना चुकवून पोहत पार झाला, कपड्यांची गाठोडी डोक्यावर. लाटांनी गाठोडी नेली आणि तिघं नागडे पलीकडे पोचले. दरोडेखोरी केली, फाशीची शिक्षा झाली, ती रद्द झाली, आणि शेवटी हा माणूस होबार्टजवळ स्वतःच्या शेतावर १८७७ मध्ये म्हातारपणी मेला. कॅशने कुणाला शब्दबिब्द दिला नव्हता. त्याच्याकडे कुणी मागितलाही नव्हता.

गुरुवार, पोर्ट आर्थर

पोर्ट आर्थरला गर्दी असते आणि ती जागा अस्वस्थ करणारी आहे, कारण ती फारच देखणी आहे. ओकची झाडं, हिरवळ, मोडक्या चर्चची कमान, खाली खाडी. १८३० ते १८७७ इथे वसाहत होती. कैदखान्याची ती प्रसिद्ध चार मजली भिंत मुळात पिठाच्या गिरणीची आणि धान्याच्या कोठाराची. गिरणी नीट चालेना म्हणून तिचा कैदखाना केला.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही सेपरेट प्रिझनमध्ये होतो. चाबूक सोडून मन वठणीवर आणायची नवी विद्या तेव्हा इंग्लंडात निघाली होती, तिची ही शाखा. दिवसातले तेवीस तास कोठडीत एकटं, नावाऐवजी नंबर, बाहेर काढलं तर तोंडावर कापडी मुखवटा, पहारेकऱ्यांच्या पायांतही आवाज न होणारे जोडे. प्रार्थनागृहात प्रत्येकाला उभा खोका, शेजारचा दिसू नये अशा फळ्या. त्या खोक्यात मी उभी राहिले. समोर फक्त पाद्रीची जागा दिसते. बाबा आत आले नाहीत.

ओब्रायनचं घर मात्र वर उतारावर, वेगळं. पळण्याच्या प्रयत्नानंतर ऑगस्ट ते नोव्हेंबर १८५० तो इथे होता. मुळातला तबेला दुरुस्त करून त्याला दिला. घर अजून जागेवर आहे, आत त्याची गोष्ट मांडली आहे. दारातून खाली सगळी वसाहत दिसते, सेपरेट प्रिझनसुद्धा.

इथे मला ओब्रायनचा राग आला, हे लिहिलंच पाहिजे. खाली माणसं नंबर होऊन जगताहेत, खाडीपलीकडे पॉइंट पुअरच्या पोरांच्या तुरुंगात पंधरा वर्षांत सुमारे ३ हजार मुलगे राहून गेले, समोरच्या छोट्या बेटावर हजाराहून जास्त प्रेतं पुरलीत, बऱ्याच कैद्यांच्या कबरीवर दगडही नाही. आणि या सगळ्यांत हा सरदार वर आपल्या घरात, बागेत, माझा शब्द माझा शब्द करत. शब्दाला किंमत असायला आधी घराणं लागतं.

बाबांना हे पटलं नाही. "अगं, त्याने सवलत मागितली नव्हती. त्यांनी दिली."

"पण घेतली ना?"

"फाशी द्या म्हणणारा माणूस तो. घराचं काय घेऊन बसलीस?"

वाद तिथेच राहिला. बाहेर पडताना स्मृतिउद्यानात थोडं थांबलो. १९९६ च्या एप्रिलमध्ये इथे एका बंदूकधाऱ्याने ३५ माणसं मारली. उपाहारगृहाच्या उघड्या भिंती आणि पाण्याचं एक तळं तेवढं ठेवलंय. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने बंदुकांचे कायदे बदलले.

शुक्रवार, न्यू नॉरफोक

नोव्हेंबर १८५० मध्ये मित्रांच्या आग्रहापुढे ओब्रायन नमला आणि शब्द दिला. त्याला न्यू नॉरफोकला राहायची परवानगी मिळाली. होबार्टपासून डर्वेंटच्या काठाने तासभरसुद्धा लागत नाही. जुनं चर्च आहे, १८१५ पासूनचं सांगितलं जाणारं 'बुश इन' आहे, गावात जुन्या वस्तूंची दुकानं भरपूर. बाबांनी पितळी अडकित्त्यासारखी एक वस्तू हातात घेतली, किंमत बघून जपून खाली ठेवली.

ओब्रायन इथे एल्विनच्या हॉटेलात उतरला होता. डिसेंबरमध्ये ओडोनोह्यू, मॅकमॅनस आणि ओडोहर्टी त्याला भेटायला आले. एक जेवण, बस. पण तिघांनीही आपापल्या तालुक्याची हद्द ओलांडली होती. डेनिसनने परवाने काढून घेतले आणि तिघांना टास्मन द्वीपकल्पावर तीन महिन्यांच्या सक्तमजुरीला पाठवलं. साध्या कैद्यांबरोबर, त्याच कपड्यांत.

या तिघांत ओडोनोह्यूची गोष्ट मला लागते. वकिलाच्या कचेरीतला कारकून. बाकीच्यांना घरून पैसे येत, याला येत नसत. पोटासाठी त्याने होबार्टला 'आयरिश एक्झाइल' नावाचं साप्ताहिक काढलं, ते सरकारला खुपलं. मॅकमॅनसला मुख्य न्यायाधीशाने अटकेतली कायदेशीर खोट दाखवून सोडलं, आणि पुन्हा पकडायच्या आत तो अमेरिकेला गेला. त्याच्या जागी अंथरुणात एक मित्र आजारी म्हणून पडून राहिला होता असं सांगतात. ओडोनोह्यूही शेवटी निसटला, पण १८५४च्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये गरिबीत मेला.

"कारकून," बाबा म्हणाले. दुपारभर मग त्यांनी ओब्रायनची बाजू घेतली नाही.

शनिवार, रिचमंड, रॉस, अव्होका

पहाटे निघालो कारण रस्ता लांबचा होता. रिचमंडचा पूल १८२३-२५ चा, कैद्यांनी बांधलेला, ऑस्ट्रेलियात अजून वापरात असलेला सर्वांत जुना. त्याच्या पलीकडे टेकाडावर सेंट जॉन्स, देशातलं सर्वांत जुनं कॅथलिक चर्च. मागच्या आवारात माहरच्या बाळाची कबर आहे.

माहर म्हणजे आयर्लंडचा तिरंगा १८४८ मध्ये पॅरिसहून आणणारा वॉटरफर्डचा देखणा वक्ता. इथे त्याने कॅथरीन बेनेट या मुलीशी १८५१ मध्ये लग्न केलं. तिचा बाप टपाल लुटल्याबद्दल आलेला कैदी, त्यामुळे मित्रमंडळींनी नाकं मुरडली. स्वातंत्र्यवीरांनाही सोयरीक बघूनच करायची असते! जानेवारी १८५२ मध्ये परवाना परत केल्याचं पत्र लिहून माहर पळाला. मूल त्यानंतर जन्मलं आणि चार महिन्यांत गेलं. कॅथरीन पुढे सासरी आयर्लंडला गेली, नवऱ्याला अमेरिकेत भेटून परत आली आणि दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर १८५४ मध्ये वारली.

माहरने पत्र पाठवून पोलिसांना पुरेसा वेळ दिला की नाही यावर तेव्हा खूप वाद झाला. मिचेलने ती शंका ठेवली नाही. १८५३ मध्ये बॉथवेलच्या पोलीस कचेरीत स्वतः गेला, परवाना रद्द समजा, मला पकडा म्हणाला, आणि भांबावलेल्या अधिकाऱ्यासमोरून बाहेर पडून घोड्यावर बसला. गोष्ट थरारक आहे. पण हाच मिचेल अमेरिकेत जाऊन गुलामगिरीचं समर्थन करत बसला, त्याचे दोन मुलगे तिथल्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढताना मेले. माहर त्याच युद्धात उत्तरेच्या आयरिश ब्रिगेडचा सेनापती. 

टनब्रिजला जुन्या पुलावर थांबलो. खाली ब्लॅकमन नदी, माहर आणि ओडोहर्टी यांच्या तालुक्यांची हद्द. दोघांना भेटायची बंदी, म्हणून पुलावर मधोमध टेबल मांडून प्रत्येक जण आपापल्या हद्दीत बसून जेवायचा असं इथे सांगतात. बाबांनी पुलाच्या कठड्यावर डबा उघडला आणि मला मुद्दाम पलीकडच्या बाजूला बसवलं.

रॉसचा पूल, त्यावरची कैद्याने कोरलेली तोंडं आणि प्राणी घाईघाईत बघितले. अव्होकाला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव म्हणजे एक रस्ता, दगडी चर्च, बंद दुकान. १८५१ मध्ये ओब्रायन काही महिने इथे ब्रॉक नावाच्या डॉक्टरच्या मुलांना शिकवायला होता. घरी सात मुलं सोडून आलेला बाप. मग न्यू नॉरफोकलाच परतला आणि राहिला. एकेक करून मित्र निसटत होते, शब्द परत घेण्याची युक्तीही आता सगळ्यांना माहीत झाली होती. त्याने ती वापरली नाही.

१८५४ मध्ये माफी आली. पळालेल्यांना नाही, फक्त राहिलेल्या तिघांना : ओब्रायन, मार्टिन, ओडोहर्टी. अट अशी की ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडात पाऊल ठेवायचं नाही. जाताना मेलबर्नला व्हिक्टोरियातल्या आयरिश लोकांनी त्याला इथल्याच खाणीतल्या सोन्याचा पेला दिला, तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन वर्षं ब्रसेल्समध्ये काढली, १८५६ मध्ये संपूर्ण माफी मिळाल्यावर घरी गेला. पार्लमेंटात पुन्हा उभा राहिला नाही. १८६४ मध्ये वेल्समधल्या बँगोरला वारला.

लॉन्सेस्टनच्या वाटेवर अंधार पडला. वॉलबी रस्त्यात येतात म्हणून मी गाडी हळू चालवत होते. बाबांना वाटलं मला झोप येतेय, म्हणून ते बोलत राहिले.

"तो गव्हर्नर, डेनिसन. त्याचं काय झालं?"

"इथून न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. मग १८६१ मध्ये मद्रासचा. एल्गिन वारल्यावर काही आठवडे हंगामी व्हाइसरॉयसुद्धा होता."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे त्यालाही शेवटी आपल्याकडेच धाडला," ते म्हणाले.